औट्रम घाटाचं नाव ज्याच्यावरून पडलं, तो धरणगावचा वाघमाऱ्या साहेब. अन् आजची आपली रोही-डुकरं

मुक्ताईनगर : चाळीसगावहून कन्नडकडे जाताना ट्रॅफिकमध्ये अडकला नाही, असा माणूस आपल्या जिल्ह्यात सापडणं अवघड. त्या घाटाला कन्नड घाट म्हणतात, तसंच औट्रम घाटही म्हणतात. नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण हा औट्रम कोण, हे विचारलं तर दहातले नऊ जण गप्प बसतात. हा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. पूर्ण नाव जेम्स आउट्रम. त्याने तरुणपणाची दहा वर्षं आपल्या खान्देशात काढली. धरणगावात बसून भिल्लांची पलटण उभी केली आणि त्याच दहा वर्षांत साथीदारांसह जवळपास दोनशे वाघ मारले.

आज त्याची आठवण काढायचं कारण आपल्याच तालुक्यात आहे. वढोदा वनक्षेत्रात वाघ आहेत. डोलारखेडा, कुऱ्हा भागातल्या शेतकऱ्यांना ते नवीन नाही. दुसऱ्या बाजूला रोही आणि रानडुकरांनी मका, हरभरा, गहू काही ठेवला नाही. गावात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो वाघ नको, दुसरा म्हणतो वाघ असता तर डुकरं एवढी माजली नसती. हा वाद आजचा नाही. दीडशे वर्षांपूर्वी शिकाऱ्यांमध्येसुद्धा हाच वाद होता.

सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात

जेम्स आउट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात झाला. वडील बेंजामिन आउट्रम हे नावाजलेले इंजिनिअर. पण जेम्स दोन वर्षांचा असताना ते वारले. घराची परिस्थिती बिघडली. आई मुलांना घेऊन स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनकडे गेली. पोराचं शिक्षण तिकडेच झालं. १८१९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आला. अंगाने लहानखुरा, उंचीने कमी, सुरुवातीला तब्येतही नाजूक. पण घोड्यावर बसला की थांबायचा नाही, आणि भीती नावाची गोष्ट त्याला नव्हती, असं त्याच्याबरोबरच्या सगळ्यांनी नोंदवून ठेवलंय.

त्या वेळचा खान्देश

त्या काळचा खान्देश डोळ्यासमोर आणायचा तर आजचा केळीचा हिरवा पट्टा विसरावा लागेल. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. मग पेंढाऱ्यांच्या धाडी. गावंच्या गावं ओस पडली. जिथे नांगर चालायचा तिथे बोरी-बाभळी आणि गवत माजलं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खान्देश इंग्रजांकडे गेला, तेव्हा त्यांच्या हाती आलेला मुलूख अर्धा जंगलच होता.

रान वाढलं की जनावर वाढतं. वाघ पडक्या गावांपर्यंत आले होते. वाघ आणि इतर हिंस्र जनावरांनी त्या काळात शेकडो माणसं आणि हजारो गुरं मारली. त्यामुळे सरकारने वाघ मारणाऱ्यांना बक्षिसं लावली. बैलजोडी गेली म्हणजे शेती गेली, असा तो काळ. तेव्हाच्या शेतकऱ्याला वाघ मेला याचा आनंदच झाला असणार, त्यात नवल नाही.

दुसरा प्रश्न भिल्लांचा होता. डोंगरातले घाट, वाटा सांभाळायचे हक्क पिढ्यान्पिढ्या त्यांच्याकडे होते. राज्यं बदलली, हक्क बुडाले, फौजांनी त्यांच्या कत्तली केल्या. मग तेही लुटीवर उतरले. इंग्रजांनी सुरुवातीला सैन्य घालून पाहिलं. डोंगरात ताप यायचा, शिपाई मरायचे आणि भिल्ल हाती लागायचे नाहीत.

धरणगावची भिल्ल पलटण

शेवटी मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२५ मध्ये धोरण बदललं. भिल्लांना जमिनी द्यायच्या, तगाई द्यायची, जुने गुन्हे माफ करायचे आणि त्यांच्यातल्याच जवानांची पलटण उभी करायची. या पलटणीचं काम बावीस वर्षांच्या आउट्रमकडे आलं. ठाणं ठरलं धरणगाव.

काम सोपं नव्हतं. भिल्लांना वाटायचं, भरतीच्या नावाने एकत्र करतील आणि मारून टाकतील. असं आधी झालेलंही होतं. आउट्रम त्यांच्या पाड्यांवर फार लवाजमा न घेता जाऊ लागला. त्यांच्यात बसायचा, जेवायचा, शिकारीला जायचा. सुरुवातीला बोटावर मोजण्याइतके जवान मिळाले. दोन वर्षांत आकडा काही शेंवर गेला. खान्देश भिल्ल कोअर म्हणून ही पलटण प्रसिद्ध झाली आणि १८९१ मध्ये पोलिसात विलीन होईपर्यंत चालली.

ही गोष्ट सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हीच पलटण पुढे डांगच्या राजांविरुद्ध वापरली गेली. १८३० च्या डांग मोहिमेवर आउट्रम स्वतः गेला होता. भिल्लांकडूनच भिल्लांना आवरायचं, हा त्यातला हिशोब होता. तो कायमचा जमला नाही. १८५७ च्या उठावात खाज्या नाईक, भीमा नाईक यांनी सातपुड्यात इंग्रजांना सळो की पळो केलं आणि १८५८ मध्ये अंबापाणीची मोठी लढाई झाली.

वाघाची शिकार आणि पगडीचा दोर

आउट्रमच्या शिकारीच्या गोष्टी भरपूर आहेत. वाघ बहुतेक करून हत्तीवरून मारायची साहेब लोकांची पद्धत. हा मात्र पायी जायचा, घोड्यावरून भाला घेऊनही जायचा. एकदा दाट झुडपात वाघ दडला आणि वरून दिसेना. तेव्हा बरोबरच्या भिल्लांनी आपल्या पगड्या सोडून एकाला एक बांधल्या, तो दोर साहेबाच्या कमरेला लावला आणि झाडाच्या फांदीवरून त्याला खाली लोंबकळत सोडलं. तसाच लटकत त्याने गोळी घातली, अशी गोष्ट सांगतात.

१८२५ ते १८३४ या दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या साथीदारांनी मारलेल्या वाघांची संख्या दोनशेच्या घरात जाते. अस्वलं, बिबटे, रानरेडे वेगळे. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला पाहिजे. वाघ शोधायचे भिल्लांनी. पगमार्क काढायचे, नाल्यात कुठे पाणी पितो ते सांगायचं, हाकारा घालायचा, जखमी वाघाच्या मागे झुडपात घुसायचं, हे सगळं त्यांनी केलं. बंदुकीचा घोडा साहेबाने ओढला आणि नावही साहेबाचं झालं.

त्यातही भिल्ल, पावरा, कोरकू लोकांचं वाघाशी नातं वेगळंच होतं. सातपुड्यात आजही वाघदेव पुजतात. दिवाळीआधी वाघबारस करतात. वाघ गुरं मारतो म्हणून भीती आहे, पण तो रानाचा धनी आहे म्हणून मानही आहे. आउट्रमसाठी शिकार म्हणजे खेळ होता, शिवाय भिल्लांचा विश्वास मिळवायचा रस्ताही होता.

शिकाऱ्यांमध्येच दोन मतं

आउट्रमच्या पिढीच्या शिकाऱ्यांचं मत सरळ होतं. वाघ, बिबट्या, लांडगा, रानकुत्री म्हणजे उपद्रव. मारा आणि बक्षीस घ्या. त्यात एक स्वार्थही होता. हरीण, सांबर, काळवीट ही आपली शिकार, ती वाघ-लांडग्याने का खावी, असं बऱ्याच साहेबांना वाटायचं. रानकुत्र्यांचा, म्हणजे कोळसुंद्यांचा, तर फारच राग. त्यांची टोळी एखाद्या रानात आली की चितळ-सांबर रान सोडून जातात, अशी शिकाऱ्यांची तक्रार असायची. म्हणून त्यांच्यावरही इनाम होतं.

पण पुढच्या पिढीत वेगळा सूर आला. तो आला आपल्या शेजारून. कॅप्टन जेम्स फोर्सिथ नावाचा अधिकारी निमाडमध्ये जमीन बंदोबस्ताचं काम पाहायचा. निमाड म्हणजे बऱ्हाणपूर-खंडव्याचा भाग, आपल्या तालुक्याच्या सीमेपलीकडचा. तो स्वतः पट्टीचा शिकारी. पण जमीन महसुलाच्या कामामुळे त्याला शेतकऱ्याचं पीक आणि नुकसानही जवळून दिसायचं. त्याचं पुस्तक १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, छापून आलं. त्याने वाघांचे तीन प्रकार सांगितले. एक रानातलं जनावर मारून खाणारा, दुसरा गुरं मारणारा, तिसरा माणसं खाणारा. माणसं खाणाऱ्याला मारायलाच पाहिजे, गुरं मारणाऱ्याचाही बंदोबस्त हवा. पण रानात राहून हरणं, रोही, डुकरं खाणारा वाघ हा शेतकऱ्याचं नुकसान करत नाही, उलट पीक खाणारी जनावरं आवाक्यात ठेवतो, असं त्याचं म्हणणं होतं.

म्हैसूरकडे हत्ती पकडणारा सँडरसन नावाचा दुसरा मोठा शिकारी होता. त्याचं पुस्तक १८७८ चं. त्यानेही सरसकट वाघ संपवायच्या मोहिमेला विरोध केला. वाघ सगळेच मारले तर डुकरं आणि हरणं शेती ठेवणार नाहीत, हा त्याचाही मुद्दा. हे दोघे काही प्राणीप्रेमी म्हणून बोलत नव्हते. दोघांनीही वाघ मारले होते. पण रानाचा हिशोब त्यांना कळला होता.

त्यांचं कोणी ऐकलं नाही. महेश रंगराजन या अभ्यासकांनी सरकारी बक्षिसांच्या नोंदींवरून हिशोब मांडलाय. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८० हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. आपल्या माळरानावरचा लांडगा तिथेच विरळ होत गेला.

खान्देश सोडल्यावर

आउट्रम १८३५ मध्ये खान्देश सोडून गुजरातेत महीकांठ्याला गेला. पुढे अफगाण युद्ध, मग सिंध. सिंध खालसा करायला त्याचा विरोध होता. सेनापती नेपियरने तो प्रांत घेतलाच. तेव्हा आपल्या वाट्याला आलेली लुटीची रक्कम आउट्रमने स्वतःसाठी न ठेवता धर्मादाय कामाला दिली. १८४५ मध्ये तो साताऱ्याला रेसिडेंट होता, नंतर बडोद्याला. बडोद्यात लाचखोरी बोकाळली होती. त्यावर त्याने सरकारला लांबलचक अहवाल लिहिला आणि त्यात आपल्याकडचा खटपट हाच शब्द जसाच्या तसा वापरला. मोठ्या लोकांची नावं गुंतल्यामुळे त्यालाच बडोद्यातून हलवण्यात आलं.

१८५६ मध्ये अवधचं राज्य खालसा झालं तेव्हा लखनौचा रेसिडेंट तोच होता. म्हणजे सिंधच्या वेळी विरोध करणारा माणूस अवधच्या वेळी हुकूम बजावत होता. १८५७ मध्ये लखनौच्या वेढ्यात तो वरिष्ठ असूनही फौजेची सूत्रं हॅवलॉककडेच ठेवून स्वतः साधा स्वयंसेवक म्हणून लढला, याचं इंग्रजांना फार कौतुक. पण ती लढाई आपल्याच देशातल्या उठावाविरुद्धची होती, हे आपण विसरायचं कारण नाही. १८६० मध्ये तब्येत ढासळल्यामुळे तो परत गेला. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधल्या पो या गावी वारला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये त्याला पुरलं. कोलकात्यात त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे, तिथे नदीवर एक आउट्रम घाटही आहे. आपल्याकडे मात्र डोंगराचा घाट तेवढा त्याच्या नावाने राहिला.

अमेरिकेत लांडगे परत आणले तेव्हा

मारून टाकलेलं जनावर परत आणलं तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. यलोस्टोन नावाच्या मोठ्या अभयारण्यातून १९२६ पर्यंत लांडगे संपवले होते. मग एल्क नावाचं मोठं हरीण बेसुमार वाढलं, झाडांची नवी फूट खाऊन टाकू लागलं. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. त्याआधी तिथल्या उत्तरेकडच्या कळपात १९ हजारांच्या आसपास एल्क मोजली होती. पंधरा-वीस वर्षांत ती पाच हजारांच्या आत आली.

तिथे शिकार कायदेशीर आहे. त्यामुळे शिकाऱ्यांमध्ये उभी फूट पडली. एक गट म्हणाला, आमची शिकार लांडग्यांनी संपवली. दुसरा म्हणाला, हरणं मुळात जास्तच झाली होती, आता उरलेली चपळ आणि धडधाकट आहेत. अभ्यासकांचं म्हणणं पडलं की घट एकट्या लांडग्यामुळे नाही. अस्वलं, डोंगरी वाघ, दुष्काळ आणि माणसाची शिकार, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. गुरं पाळणारे मात्र दोन्ही गटांवर नाराज, कारण वासरू मेलं तर ते त्यांचं मरतं. फोर्सिथचा जुना वाद तिकडे इतक्या वर्षांनी नव्याने रंगला.

आता आपल्या शिवारात

आपल्याकडे कोणी वाघ गाडीत घालून आणले नाहीत. ते मेळघाट-अंबाबरवाकडच्या डोंगराने स्वतः आलेत. वाघ किती चालतो हे २०१९ मध्ये दिसलं. यवतमाळच्या टिपेश्वरमधला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. वढोदा भागाला मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालाय. पूर्णेचं पाणी आहे, काठाला केळी आहे. केळीच्या बागेत गारवा, आडोसा, आणि डुकरं. वाघाला आणखी काय पाहिजे. विदर्भात मात्र सरकारने मुद्दाम वाघ हलवलेतही. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या.

मग वाघ असूनही आपल्याकडे रोही कमी का होत नाहीत, हा प्रश्न बरेच जण विचारतात. उत्तर सोपं आहे. वाघ जंगल आणि नाल्याच्या कडेने राहतो. रोही उघड्या शिवारात राहतात, दिवसा पडीक गायरानात आणि रात्री हरभऱ्यात. माझ्या स्वतःच्या शेतात जुन्या साड्या बांधल्या, झटका मशीन लावलं, रात्री जागल केली. तरी दोन रात्री गैरहजर राहिलो की वाफा साफ. या उघड्या रानाचा राखणदार वाघ नव्हता, लांडगा होता. तो पूर्ण वाढलेली रोही पाडत नाही, पण पाडसं, डुकराची पिल्लं, ससे उचलायचा. तो गेला आणि त्या जागी कोणीच आलं नाही. आली ती मोकाट कुत्री.

पण लांडगा परत आला तर ठेलारी, धनगर बांधवांची मेंढरं जाणार, हेही तितकंच खरं. वाघ राहिला तर कडेच्या गावातल्या माणसाला संध्याकाळी मोटर चालू करायला जाताना जीव मुठीत धरावा लागतो. फायदा सगळ्या तालुक्याला आणि जोखीम चार गावांना, असा हा मामला आहे. फोर्सिथने जे सांगितलं ते बरोबर होतं, पण तो साहेब होता. त्याचा बैल मरणार नव्हता.

म्हणून आउट्रमकडे बघताना त्याला नुसता खलनायक करून भागत नाही. १८२५ च्या शेतकऱ्याला वाघ कमी व्हायला हवे होते. चूक झाली ती पुढे, गरज संपल्यावरही मारत राहण्यात. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि वाघ, लांडगा दोघांची शिकार बंद झाली. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यात पहिल्याच यादीत मेळघाट होता. त्यामुळे आज आपल्या डोंगरात वाघ आहे.

आता जो खर्च आहे तो आपल्यावर पडतोय, तर तो मागून घेतला पाहिजे. जनावर मारलं गेलं तर मृत जनावर हलवू नका, फोटो काढा, लगेच वनविभागाला कळवा आणि पंचनामा करून घ्या. पिकाच्या नुकसानीचंही तसंच, उशीर झाला की अर्ज अडकतो. वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६ आहे. पीक खाणाऱ्या रोही-डुकरांसाठी परवानगी घेऊन बंदोबस्त करायची तरतूद आपल्या राज्यात आहे. विनापरवाना फासे, विजेची तार लावू नका. त्या तारेवर वाघही मरतो आणि शेजारचा सालदारही. संध्याकाळी डोंगरकडेच्या शेतात एकट्याने जाऊ नका, आणि दिवसा थ्री-फेज लाइटची मागणी ग्रामसभेत ठराव करून लावून धरा. रात्रीची लाइट ही वाघाच्या गावाला सगळ्यात मोठी अडचण आहे.

पुढच्या वेळी औट्रम घाटात गाडी अडकली, तर पोरांना एवढं जरूर सांगा. या मुलखात एका साहेबाने दहा वर्षांत जवळपास दोनशे वाघ मारले, त्याला वाट दाखवली आपल्या भिल्ल बांधवांनी, आणि तरीही वाघ पुन्हा पूर्णेच्या काठी आला. आता तो राहणार की जाणार, हे वढोद्याच्या आजूबाजूच्या गावांना भरपाई वेळेवर मिळते की नाही यावरच ठरेल.